गटवाटणीचे प्रश्न आणि जनुकीय अल्गोरिदम : फाल्केनाउअर ह्यांच्या उपपत्तीचे परीक्षण

१

दिलेल्या वस्तूंचे गट पाडणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की तीत काही गणिती अवघडपणा असेल अशी शंकाही सहसा येत नाही. व्यापारी माल पेट्यांत भरतो, विद्यापीठ परीक्षांचे विषय वेळापत्रकात बसविते, कारखाना जुळणीची कामे स्थानकांवर वाटतो आणि संख्याशास्त्रज्ञ निरीक्षणांचे समूह बांधतो. ह्या सर्वांचे गणिती स्वरूप एकच आहे : प्रत्येक वस्तू एका आणि एकाच गटात गेली पाहिजे, आणि होणारी वाटणी कोणत्या तरी कसोटीवर उत्तम ठरली पाहिजे. पाच वस्तूंचे गट पाडण्याचे प्रकार अवघे ५२ आहेत. वस्तू दहा झाल्या की ते १,१५,९७५ होतात आणि वीस झाल्या की ५१ लक्ष ७२ हजार कोटींच्याही पुढे जातात. सर्व वाटण्या एकेक करून तपासणे हा मार्ग त्यामुळे आरंभीच बंद होतो, आणि शोधाची एखादी चतुर रीत हाती घ्यावी लागते.

अशा रीतींपैकी जनुकीय अल्गोरिदम ही एक होय. जॉन हॉलंड ह्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची उपपत्ती मांडली. प्रश्नाचे प्रत्येक संभाव्य उत्तर एका सांकेतिक माळेत लिहावयाचे. ह्या माळेला गुणसूत्र म्हणावयाचे. अशा अनेक माळांची एक पिढी घ्यावयाची, सरस माळांना पुनरुत्पादनाची अधिक संधी द्यावयाची, दोन माळांचे तुकडे जोडून संतती निर्माण करावयाची, क्वचित् एखाद्या जागी उत्परिवर्तन घडवावयाचे, आणि हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालू ठेवावयाचा. हॉलंड ह्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की, चांगल्या उत्तराचे लहान लहान अर्थपूर्ण अंश संकरातून टिकून राहतात व एकत्र येतात. सारी भिस्त ‘अर्थपूर्ण अंश’ ह्या शब्दांवर आहे. माळेचा तुकडा अर्थपूर्ण नसेल तर त्याचा वारसा निरर्थक ठरतो.

गटवाटणीच्या बाबतीत नेमके हेच घडत होते असे एमानुएल फाल्केनाउअर ह्यांनी दाखवून दिले. ब्रुसेल्स येथे औद्योगिक स्वयंचलनाच्या क्षेत्रात काम करीत असताना त्यांनी आपली उपपत्ती प्रथम निबंधांतून मांडली आणि १९९८ साली ‘जेनेटिक अल्गोरिदम्स अँड ग्रुपिंग प्रॉब्लेम्स’ ह्या ग्रंथात तिला साकल्याने आकार दिला. ह्या विषयावरील पुढील बहुतेक लेखन त्या ग्रंथाचा आधार घेते किंवा त्याच्याशी वाद घालते. म्हणून त्याच्या प्रतिपादनातील टिकाऊ भाग कोणता आणि तपासून घेण्याजोगा भाग कोणता, ह्याचा विचार आजही अगत्याचा आहे.

२

फाल्केनाउअर ह्यांची टीका समजण्यास एक छोटे उदाहरण पुरेसे आहे. सहा वस्तूंचे दोन गट पाडावयाचे आहेत. रूढ संकेतनात प्रत्येक वस्तूच्या जागी तिच्या गटाचे नाव लिहितात. पहिल्या तीन वस्तू एका गटात व उरलेल्या तीन दुसऱ्या गटात असल्यास माळ ‘अ अ अ ब ब ब’ अशी होईल. परंतु गटांची नावे केवळ सोयीची असल्यामुळे ‘ब ब ब अ अ अ’ ही माळही तीच वाटणी सांगते. आता ह्या दोन माळांचा मध्यावर छेद घेऊन संकर केला, तर पहिलीचा पूर्वार्ध व दुसरीचा उत्तरार्ध मिळून ‘अ अ अ अ अ अ’ ही संतती जन्मास येते. आईबाप एकाच वाटणीचे, आणि अपत्यात वाटणीच नाही! संकराने दोघांचा समान गुण संततीत उतरावयाचा, तो येथे समूळ नाहीसा झाला.

गट दहा असतील तर एकच वाटणी ३६,२८,८०० प्रकारे लिहिता येते, कारण दहा नावांची अदलाबदल तितक्या प्रकारे होऊ शकते. शोधाचे क्षेत्र मुळातच अफाट. त्यात संकेतनाने ही भर घातलेली. वस्तूंचा केवळ क्रम गुणसूत्रात लिहून त्या क्रमाने पेट्या भरीत जाण्याची दुसरी रूढ पद्धतही ह्या दोषातून सुटत नाही. अनेक भिन्न क्रमांतून एकच भरणी निघते, आणि एखाद्या वस्तूला क्रमात मिळालेल्या जागेचा अर्थ तिच्या आधीच्या वस्तूंवर अवलंबून राहतो. क्रमाचा तुकडा दुसऱ्या माळेत नेला की तो अर्थ मागेच राहतो.

ह्यावर फाल्केनाउअर ह्यांचा उपाय असा की, गुणसूत्राला गटांचा एक स्वतंत्र भाग जोडावा आणि संकर त्याच भागावर करावा. एका पालकाचे काही गट जसेच्या तसे उचलून दुसऱ्या पालकात घालावयाचे. त्यामुळे काही वस्तू दोनदा येतात. त्या ज्या जुन्या गटांत असतील ते गट मोडावयाचे. मोडलेल्या गटांतील ज्या वस्तू उघड्यावर पडतील त्या एखाद्या साध्या भरणीच्या नियमाने पुन्हा बसवावयाच्या. उत्परिवर्तनही वस्तूचे नाही, गटाचे : काही गट मोडून त्यांतील वस्तूंची फेरवाटणी करावयाची. सारांश, वारसा ज्याचा चालावयाचा तो घटक सुटी वस्तू नसून समग्र गट होय.

ग्रंथातील हा भाग नि:संशय मोलाचा आहे. त्याचे मोल केवळ एका युक्तीचे नाही. संकेतन हे संगणकाच्या सोयीचे बाह्य वेष्टन असते, हा त्या काळी सर्रास रूढ असलेला समज त्याने मोडून काढला. प्रश्नात ज्याला अर्थ आहे त्यालाच संकेतनात स्थान हवे, हा दंडक त्याने घालून दिला. ही कल्पना सर्वस्वी एकट्या फाल्केनाउअर ह्यांची मात्र नव्हे. १९९१ सालीच ग्रेगोर फॉन लाशेव्स्की ह्यांनी आलेखाच्या विभाजनासाठी संपूर्ण विभाग उचलून देणारा संकर सुचविला होता. तिचे सर्वसाधारण तत्त्व बनवून ते अनेक प्रश्नांवर चिकाटीने लावून पाहण्याचे श्रेय मात्र फाल्केनाउअर ह्यांच्याकडेच जाते.

योग्यतेच्या मापनाविषयीचे त्यांचे विवेचनही असेच मार्मिक आहे. पेट्यांची संख्या कमीत कमी व्हावी हे उद्दिष्ट खरे. पण केवळ संख्या मोजली तर असंख्य वाटण्या समान ठरतात आणि शोधाला दिशा उरत नाही. म्हणून प्रत्येक पेटी किती अंशाने भरली ह्याचा वर्ग घेऊन त्याची सरासरी काढावी असे त्यांनी सुचविले. दोन पेट्या ०.९ व ०.३ अशा भरल्या तर ही सरासरी ०.४५ येते, त्याच मालाने त्या ०.६ व ०.६ अशा भरल्या तर ०.३६ येते. पेट्यांची संख्या तीच, माल तोच. परंतु पहिल्या भरणीत एक पेटी जवळजवळ पूर्ण झाली आहे व दुसरी रिकामी होण्याच्या वाटेवर आहे. चांगली भरलेली पेटी ही जपण्याजोगी वस्तू आहे, हे ह्या मापनाने आकड्यांत सांगितले.

३

तत्त्वाच्या सिद्धतेसाठी फाल्केनाउअर ह्यांनी जी उदाहरणे घेतली त्यांकडे आता वळावयास हवे. पेट्या भरण्याच्या प्रश्नासाठी त्यांनी दोन जातींची उदाहरणे रचली. पहिल्या जातीत पेटीची धारणशक्ती १५० आणि वस्तूंची मापे २० ते १०० ह्यांमधील; वस्तूंची संख्या १२० पासून १००० पर्यंत. दुसऱ्या जातीला ‘त्रिकुटे’ म्हणतात. तीत प्रत्येक वस्तू पेटीच्या पावापेक्षा मोठी किंवा पावाइतकी आणि अर्ध्यापेक्षा लहान असते, आणि उत्तम उत्तरात प्रत्येक पेटीत नेमक्या तीन वस्तू बसून तसूभरही जागा रिकामी राहत नाही. ह्या जातीत मोठ्या वस्तू आधी भरण्याची साधी रीत फसते. पेटीच्या ०.४८ व ०.४७ अशा दोन वस्तू एकत्र आल्या की उरलेल्या ०.०५ जागेत बसेल अशी वस्तूच नसते. तेथे फाल्केनाउअर ह्यांच्या रीतीने चांगले यश मिळविले, आणि मार्तेल्लो व तोथ ह्यांच्या १९९० सालच्या ग्रंथातील त्या वेळच्या नामांकित रीतीलाही मागे टाकले.

ह्या यशाविषयी तीन गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट अशी की, १९९६ सालच्या निबंधात ज्या रूपाने ही रीत यशस्वी झाली ते शुद्ध जनुकीय रूप नव्हते. उघड्यावर पडलेल्या वस्तू पुन्हा बसविताना, पेटीतील काही वस्तू काढून त्यांच्या जागी पेटी अधिक भरेल अशा वस्तू घालण्याची एक स्थानिक सुधारणा तीत जोडलेली होती. आणि तिची प्रेरणा मार्तेल्लो व तोथ ह्यांच्याच एका कसोटीतून घेतलेली होती. ज्या रीतीला हरवावयाचे तिचेच शस्त्र हाती घेण्यात गैर काही नाही. तथापि विजयाचे श्रेय वारशाला किती आणि शस्त्राला किती, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. त्याचे उत्तर मिळण्यास, तितक्याच वेळात तीच सुधारणा वारशावाचून चालवून काय हाती येते, ही तुलना लागते.

दुसरी गोष्ट उदाहरणांच्या काठिण्याविषयीची आहे. १९९८ साली इयन जेंट ह्यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. फाल्केनाउअर ह्यांच्या संग्रहातील जी काही उदाहरणे तोवर न सुटलेली म्हणून गणली जात होती, ती अगदी साध्या उपायांनी सुटतात असे त्यात दाखविलेले आहे. ह्या निबंधाने मूळ रीत खोटी ठरत नाही. परंतु कठीण म्हणून मांडलेले उदाहरण कठीण आहे हे आधी सिद्ध करावयास हवे, ही जाणीव त्याने करून दिली. आपली रीत आणि आपलीच उदाहरणे अशी जोडी जमली की परीक्षक व परीक्षार्थी एकच होतात. फाल्केनाउअर ह्यांनी आपली उदाहरणे सर्वांसाठी खुली ठेवली, म्हणूनच जेंट ह्यांना ती तपासता आली, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

तिसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. पहिल्या जातीत वस्तूचे माप सरासरीने ६० च्या आसपास येते. म्हणजे १५० च्या पेटीत दोन-तीन वस्तू मावतात. त्रिकुटांत तर नेमक्या तीनच. दोन्ही जातींत गट लहान आहेत. आता संकराचे गणित पाहावे. एका पालकाची तीन वस्तूंची पेटी दुसऱ्यात घातली तर दुसऱ्याच्या फार तर तीन पेट्या मोडतात; बाकीच्या शाबूत राहतात. परंतु गटात वीस वस्तू असल्या तर एक गट घालताना वीस गट मोडण्याचा संभव असतो. मग अपत्यात दुसऱ्या पालकाचे काय उरले? बहुतेक वस्तू उघड्यावर पडतात आणि त्या साध्या नियमाने पुन्हा बसविल्या जातात. वारसा नावापुरता राहतो, आणि काम सारे पुनर्भरणीच्या नियमाकडे जाते.

ही भीती काल्पनिक नाही. ऱ्हिड लुईस व बेन पेक्टर ह्यांनी २००७ साली विद्यापीठीय वेळापत्रकाच्या प्रश्नावर गटाधिष्ठित जनुकीय अल्गोरिदम लावून पाहिला. प्रश्नाचा आकार वाढला की ही रीत दुबळी पडते असा अनुभव त्यांना आला. संकरावाचून चालणारा एक यादृच्छिक स्थानिक शोध तिच्याहून पुष्कळदा सरस ठरला. आणि त्या शोधात गटांचा संकर मिसळला असता काही प्रसंगी परिणाम सुधारण्याऐवजी बिघडला. तत्त्वाचा प्रसार करणाऱ्या शंभर निबंधांपेक्षा त्याची मर्यादा रेखाटणारा असा एक निबंध अभ्यासकाला अधिक शिकवून जातो.

४

मग फाल्केनाउअर ह्यांच्या तत्त्वातले बळ कोठे आहे? ह्याचे उत्तर शोधताना जनुकीय परंपरेच्या बाहेर पाहावे लागते. पेट्या भरण्याच्या प्रश्नाला जवळचा असा एक जुना प्रश्न आहे. कागदाच्या किंवा पत्र्याच्या मोठ्या गुंडाळ्यांतून मागणीप्रमाणे लहान तुकडे कापावयाचे आणि नासाडी कमी करावयाची. त्यावर गिलमोर व गोमोरी ह्यांनी १९६१ साली रेषीय नियोजनाची एक रीत दिली. अमुक तुकडा अमुक गुंडाळीत जावा की नाही, असा प्रश्न ते विचारीत नाहीत. एका गुंडाळीच्या छेदाचा संपूर्ण आराखडा हाच ते एक घटक मानतात, आणि कोणता आराखडा किती वेळा वापरावा एवढेच ठरवितात. आराखडे असंख्य असल्यामुळे ते सर्व आधी लिहून ठेवीत नाहीत. लागेल तसा उपयुक्त आराखडा निर्माण करतात. ह्याच विचाराला पुढे नेऊन व्हालेरिओ द कार्व्हाल्यो ह्यांनी १९९९ साली पेट्या भरण्याच्या प्रश्नाची अचूक उत्तरे, उत्तमतेच्या सिद्धतेसह, काढून दाखविली.

येथे संकर नाही, उत्परिवर्तन नाही, पिढ्या नाहीत. तरीही मूलघटक तोच आहे : संपूर्ण भरलेली पेटी. फाल्केनाउअर ह्यांच्या तीस वर्षे आधी सर्वस्वी वेगळ्या वाटेने आलेल्या गणितज्ञांना तोच घटक सापडावा, ही गोष्ट बोलकी आहे. तीवरून असे म्हणावे लागते की, तत्त्वाचे बळ उत्क्रांतीच्या रूपकात नसून घटकाच्या निवडीत आहे. जेथे गटाला स्वतःचे मोल असते, म्हणजे इतर गट कसेही असले तरी हा गट चांगला आहे असे म्हणता येते, तेथे गटाचा वारसा चालतो. आराखड्याची रीतही चालते. पूर्ण भरलेली पेटी कोणत्याही भरणीत बहुधा चांगलीच. ह्याउलट जेथे एका गटाचे मोल दुसऱ्या गटांशी असलेल्या संबंधावर ठरते, तेथे गट उचलून दुसरीकडे नेला की त्याचे मोल वाटेतच सांडते. वेळापत्रकात सोमवारच्या पहिल्या तासाला बसविलेले विषय चांगले की वाईट, हे पुष्कळदा उरलेल्या तासांवरून ठरते.

फाल्केनाउअर ह्यांच्या ग्रंथाविरुद्ध मुख्य आक्षेप घ्यावयाचा तो येथे. गटवाटणीचे सर्व प्रश्न एका कुळातले मानून त्यांना एकच औषध देण्याकडे त्याचा कल आहे. कुळ एक असेल. प्रकृती भिन्न आहेत.

५

हा भेद समूहनाच्या प्रश्नात सर्वांत तीव्रतेने जाणवतो. निरीक्षणांचे समूह बांधताना प्रत्येक बिंदूचे आपल्या समूहाच्या मध्यापासूनचे अंतर घेऊन त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणे ही रूढ कसोटी आहे. तिच्यावर जनुकीय अल्गोरिदम लावण्याचे काम भारतातही झाले आहे, आणि ते ह्या संदर्भात उद्बोधक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील के. कृष्ण व एम. नरसिंह मूर्ती ह्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत नावांच्या माळेचे रूढ संकेतनच ठेवले. परंतु संकर काढून टाकला आणि त्याच्या जागी मध्य काढून बिंदूंची फेरवाटणी करण्याचे एक पाऊल घातले. फाल्केनाउअर ह्यांनी दाखविलेला दोष संकरात प्रकट होतो. संकरच नसेल तर दोषाला वाव उरत नाही. एका रोगावर दोन भिन्न उपचार संभवतात, ह्याचा हा सुंदर दाखला होय.

उज्ज्वल मौलिक व कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संघमित्रा बंद्योपाध्याय ह्यांनी २००० साली निराळा मार्ग धरला. त्यांच्या गुणसूत्रात बिंदूंची नावे नसून समूहांच्या मध्यांचे सहनिर्देशक असतात. त्यामुळे बिंदू हजारो असले तरी माळ आखूड राहते. परंतु मध्य कोणत्या क्रमाने लिहावेत ह्याला येथेही नियम नाही. एका माळेत आधी असलेला मध्य दुसरीत शेवटी असू शकतो, आणि छेदानंतर जन्मलेल्या अपत्यात एकाच जागेचे दोन मध्य येऊन दुसरी जागा मध्यावाचून राहू शकते. जुना दोष नव्या वेषात परत येतो तो असा. फाल्केनाउअर ह्यांच्या टीकेचे सामर्थ्य अशा ठिकाणी पुन्हा प्रत्ययास येते. गटाधिष्ठित संकेतन समूहनाला थेट लावण्याचा प्रयत्नही पुढे स्पेनमधील अभ्यासकांनी २०१२ साली केला.

तथापि समूहनातील खरी अडचण संकेतनाच्या पलीकडची आहे. पेट्या भरण्याच्या प्रश्नात कसोटी व्यवहाराने दिलेली असते. पेट्या कमी लागल्या तर भाडे कमी पडते. ह्यात मतभेदाला जागा नाही. समूहनात कसोटी अभ्यासकाने निवडलेली असते. अंतरांच्या वर्गांची बेरीज समूहांची संख्या वाढवीत गेले की घटत जाते, आणि प्रत्येक बिंदू हाच एक समूह मानला की ती शून्य होते. म्हणजे समूह किती आहेत हे ती कसोटी सांगूच शकत नाही. शिवाय गोलाकार समूहांकडे तिचा ओढा असतो. एका केंद्राभोवती बिंदूंची दोन कडी, एक लहान व एक मोठे, काढली तर डोळ्यांना दोन समूह तत्काळ दिसतात. ही कसोटी मात्र दोन्ही कडी मधोमध चिरून दोन अर्धे भाग करण्यास सांगते. येथे शोधाची रीत जितकी समर्थ, तितके चुकीचे उत्तर अधिक निर्दोषपणे हाती येते. मागे पडलेला दुबळा शोध निदान संशयाला जागा ठेवतो. सर्वोत्तम म्हणून आलेल्या आकड्यावर कोणी संशय घेत नाही.

ह्या गोष्टीचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. रुग्णांचे, ग्राहकांचे किंवा गावांचे समूह बांधून त्यांवर निर्णय घेण्याची प्रथा आज सर्वत्र पसरली आहे. अशा ठिकाणी जनुकीय अल्गोरिदमाने समूह शोधून काढले असे विधान केले जाते. वास्तविक त्याने समूह शोधलेले नसतात. अभ्यासकाने दिलेल्या कसोटीचे न्यूनतम मूल्य शोधलेले असते. ह्या दोन विधानांतील अंतर पुसले गेले, तर अभ्यासकाच्या निवडीची जबाबदारी यंत्राच्या नावावर चढते. निसर्गाच्या उत्क्रांतीचे रूपक हा भ्रम वाढविण्यास साह्यभूत होते. कारण ‘उत्क्रांत झालेले’ उत्तर मानवी निवडीपासून अलिप्त असावे असे सहजच वाटते.

६

एकंदरीत फाल्केनाउअर ह्यांच्या ग्रंथाचे मूल्यमापन असे करता येईल. अर्थाचा घटक आणि वारशाचा घटक एक असला पाहिजे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन पक्के आहे, आणि गटवाटणीवर काम करणाऱ्या कोणाही अभ्यासकाला ते टाळून पुढे जाता येणार नाही. त्या तत्त्वाची सर्वव्यापी उपयुक्तता मात्र ग्रंथातील उदाहरणांवरून सिद्ध होत नाही. कारण लहान गटांचे व स्वतंत्र मोलाच्या गटांचे प्रश्न त्या तत्त्वाला मुळातच अनुकूल होते. नव्या प्रश्नावर ही रीत लावू पाहणाऱ्याने म्हणून आधी तीन गोष्टी तपासाव्यात : गटाला इतर गटांवाचून मोल आहे काय, एक गट आत घालताना किती गट मोडतात, आणि वारसा काढून घेतला तर तीच स्थानिक सुधारणा तितक्याच वेळात कोठवर पोहोचते. समूहनाच्या प्रश्नात ह्यांच्याही आधी एक चौथी गोष्ट येते : कसोटी कोणी निवडली, आणि का.

ह्या चौकशीतून अनेकदा असे निष्पन्न होईल की साधी रीत पुरेशी आहे. तसे झाल्यास ग्रंथाचा पराभव झाला असे मानण्याचे कारण नाही. गटाला एकक मानून प्रश्नाकडे पाहण्याची शिस्त ह्या ग्रंथाने दिली. आणि त्याच शिस्तीने त्याच्या मर्यादाही मोजता येतात.